आबांच्या बाटल्या

आमच्या पलीकडच्या गल्लीतले आबा हे अख्ख्या संभाजीनगरातले एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांच्या घरी आल्यागेल्याला पाणी देत नाहीत, दाखवतात. पाहुणा चपला काढून टेकतो न टेकतो तोच आबा खिडकीतली एखादी बाटली उजेडाकडे धरतात आणि लोक नातवंडांचे फोटो दाखवतात तशा कौतुकानं सांगू लागतात, "ही गणपतीतली. बुडाचा गाळ बघा. आन् ही दिवाळीतली, हिचा वास घ्या. घ्या की, लाजता काय?" खिडकीत अशी रांगच आहे. काही पिवळट, काही करड्या, आणि एक फिकट हिरवी, तिच्यावर आबांचा विशेष जीव. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी रस्त्यावरून ती रांग पाहिली आणि आबांच्या व्यसनाबद्दल माझ्याजवळ हळहळल्या. मी म्हटलं, व्यसन आहे खरं, पण तुम्ही समजताय ते नव्हे.

आबा मूळचे शेंद्र्याकडचे. जमीन कारखान्यांत गेली, पैसा आला, छावणीच्या अलीकडे टुमदार घर झालं. सुखानं पेपर वाचत बसायचं वय. पण नळाची लाइन गेली होती गटाराच्या कडेनं, आणि एके दिवशी नळाला पाण्याऐवजी भलतंच काही आलं. त्यानंतर हा माणूस दुसऱ्या कुठल्या विषयावर बोललेला मला आठवत नाही. आठवड्यातून एकदा कधी तरी पाणी सुटायचं, त्या दिवशी आबा पहाटेच बनियनवर रस्त्यात उभे. पहिली धार ओंजळीत घेऊन हुंगायची आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा निकाल द्यायचा, "आज गटार जास्त, पानी कमी!" पुतणीचं चांगलं जमत आलेलं स्थळ त्यांनी मोडायला आणलं होतं. मुलगा इंजिनिअर, घर स्वतःचं, माणसं देवासारखी. आबा म्हणाले, "समदं खरं, पन नळ बघितला का तुम्ही त्यांचा?" क्रांती चौकातला चहावाला तर त्यांना लांबून बघूनच ओरडतो, "उकळलंय आबा, उकळलंय!"

साहेब लोकांवर त्यांचा एक ठरलेला प्रयोग होता. पाण्याच्या ऑफिसात जायचं, अदबीनं नमस्कार करायचा, पिशवीतून स्वच्छ काचेचा गिलास काढून त्यात बाटली रिकामी करायची आणि म्हणायचं, "साहेब, उन्हाचे दमले असाल. आमच्याकडचं घोटभर पानी घ्या." एका साहेबांचा आत्ताच चहा झालेला असे, दुसऱ्यांचा उपवास असे. एकांनी तर डॉक्टरनं पाणी कमी प्यायला सांगितल्याचं सांगितलं. अशी बरीच ऑफिसं हिंडून झाल्यावर आबांनी जाहीर केलं, "लई झाल्या दरखास्ती. आता मुकदमा."

गल्लीतल्या बऱ्याच जणांनी सह्या दिल्या. पण वकील म्हणाले, बाटल्या आजारी पडत नसतात, ते पाणी पिऊन आजारी पडलेलं माणूस आणा. आणि तसं कागदोपत्री सिद्ध होणारं माणूस होतं आमच्याच घरात. माझी आई. उन्हाळ्यात तिला कावीळ झाली होती, दवाखान्याचे कागद होते, आणि कारण पाणीच, हे डॉक्टरनं लिहून दिलं होतं. मात्र आई ढिम्म हलेना. मी सरकारी शाळेत कंत्राटी शिक्षिका. दर जूनमध्ये नवी ऑर्डर निघाली तर नोकरी, नाही तर घरी. "साहेबांवर केस करायची आन् त्यांच्याच हातून लेकीची ऑर्डर घ्यायची? नाय जमायचं," असं तिनं सह्या घ्यायला आलेल्यांना दारातच सांगून टाकलं होतं.

तरी आबा आले. आमची गल्ली बौद्धांची, आबांची पाटलांची. मधे एक रस्ता. इतक्या वर्षांत दारात पुष्कळदा बोलले असतील, घरात बसले ते त्याच दिवशी. आईचं मन वळवायला त्यांनी नुकती सुरुवात केली होती, तेवढ्यात रीतीप्रमाणं तिनं पाण्याचा गिलास आणून पुढं केला. सवयीनं आबांच्या हातातला गिलास उजेडाकडे जाऊ लागला, अर्ध्यातच खाली आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, डोळे मिटले आणि एका दमात गिलास रिकामा केला. "लई गोड पानी," असं म्हणाले आणि जे उठले ते थेट बाहेर. जारचं विकत घेतलेलं पाणी होतं हो ते! पण मी सांगेपर्यंत आबा रस्ता ओलांडून गेलेसुद्धा.

घरी जाऊन त्यांनी अंथरूण धरलं. पोटात कळा, अंगात कसकस, घरच्या काकू, म्हणजे त्यांची बायको, रडकुंडीला आलेल्या. डॉक्टरनं तपासलं, काही सापडलं नाही, तर आबा डॉक्टरवरच उखडले. चार दिवसांनी मात्र स्वारी खुशीत आमच्या दारात हजर.

"ताई, तुमची सही नको आता. पेशंट घावला."

"कोन?" आईनं विचारलं.

"मी! तुमच्याच घरचं नळाचं पानी पिऊन पडलो. सांगतो की कोर्टात."

आईनं पदरानं तोंड पुसलं. हसू दाबत होती. "आबा, ते जारचं व्हतं."

आबा मटकन खुर्चीत बसले. हातातोंडाशी आलेला पेशंट गेला. "मंग माझं पोट का दुखलं?"

"भ्यालात म्हनून." मग आईचं हसू थांबलं. "पन थांबा. तुम्हाला वाटलं नळाचं हाय, तरी पिलात? नको म्हनायचं."

आबांनी टोपी काढून हातात घेतली. "आमच्या गावच्या आडावर तुमच्याकडच्या बाया उभ्या ऱ्हायच्या, ताई. कुनी वरून वतलं तर वतलं. माझी आई आपले हंडे भरायची, पाय धुवायची, आन् मंग सवडीनं वतायची. मी तिथंच खेळत असायचो. तुमच्या हातचा गिलास कोन्या तोंडानं माघारी करू?"

आईचं माहेर त्यांच्या शेजारच्याच गावचं. मला वाटलं, आता ती उठून आत जाईल. पण ती म्हणाली, "तवा पानी चांगलं व्हतं, मिळत नव्हतं. आता मिळतंय, तर हे असलं. आना तो कागद."

"आई, माझी ऑर्डर," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली.

"तू ज्या पोरांना शिकवती, ती काय पितेत? हेच ना?"

आबांनी लगबगीनं अंगठ्याची शाई काढली, तशी ती कडाडली, "शाई ठिवा खिशात. सही येती मला."

वकिलांनी आईचं नाव सगळ्यांत वर घातलं, आबांचं तिच्या खाली. त्या जूनमध्ये माझी ऑर्डर उशिरा आली, पण आली. तोवर माझ्या जिवाला जो घोर लागला होता, तो मलाच ठाऊक. केस अजून चालूच आहे, पण कोर्टानं तूर्त लाइन बदलायला सांगितली, आणि काम पहिल्या अर्जदाराच्या गल्लीतून सुरू झालं. आमच्या गल्लीची नवी लाइन झाली, नळाला नितळ पाणी आलं. कोपऱ्यावर येऊन काम थांबलं, ते थांबलंच. ज्यांनी हे सगळं उभं केलं, त्या आबांच्या नळाला अजून तेच पाणी येतं.

म्हणून आता पाण्याच्या दिवशी आबा कळशी घेऊन आमच्याकडे येतात. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, हातात कळशी. बोलावल्याशिवाय आत येत नाहीत, फाटकापाशी गप्प उभे राहतात. एवढा बोलणारा माणूस असा उभा बघवत नाही. आई त्यांना पाहते, आपला अर्धा भरलेला हंडा बाजूला ओढते आणि कळशीसाठी हात पुढं करते.

"होऊ द्या ताई तुमचं आधी," आबा म्हणतात. "मी थांबतो."

"आना इकडं," आई म्हणते. "आमच्या दारात पान्यासाठी कुनाला थांबवत नसतेत."