सावलीतला भीम

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या शेजारच्या काकू मुलीबरोबर जावा बेटावरच्या योग्याकार्ताला जाऊन आल्या. राजवाडा पाहिला, देवळं पाहिली, पण बोलतात फक्त तिथल्या महाभारतावरच्या सावली-बाहुल्यांच्या खेळाबद्दल. “भाषा कळत नव्हती गं, पन आपला भीम लगेच ओळखला,” असं म्हणताना त्यांचे डोळे अर्धवट मिटतात आणि हात हवेत डुलू लागतात.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून काका अंथरुणातच असतात. त्यांचं बोलणं थांबलंय. परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे डबा द्यायला गेले, तर पलंगासमोर पांढरी चादर बांधलेली. तिच्यामागे दिव्याच्या पिवळ्या उजेडात पुठ्ठ्याची गदा हळूहळू फिरत होती.

“कोन आलाय, ओळखा बघू?” काकूंनी चादरीआडून विचारलं.

काकांचे ओठ कितीतरी वेळ हलत राहिले. मग आवाज फुटला, “भी...म.”

चादरीवरची सावली थरथरू लागली.