भागोजीचं गाऱ्हाणं

माझा चुलतभाऊ भागोजी रत्नागिरीच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कामाला होता, आणि देवरूखकडच्या आमच्या वाडीत देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडे होता. दोन्ही कामं तो एकाच तोऱ्यात करायचा. इकडे बर्फाच्या लादीला उचलायचा आकडा लावताना मुकादमाला अक्कल शिकवायचा. तिकडे हात जोडून उभा राहिला की गावाचं दुखणंखुपणं असं मांडायचा की देवाने उठून बसावं. मी त्याच कारखान्यात हजेरी लिहायचो. मला त्याचा फार अभिमान होता. हे आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या अभिमानानेच केला.

शहाऐंशी सालच्या मे महिन्यात वरून सुटलेली लादी त्याला लागली आणि तो डोक्यावर आपटला. तीन आठवडे इस्पितळात होता. टाके निघाले, केस उगवले, भागोजी आपल्या पायांनी घरी आला. आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले.

आठ दिवसांत आमचीच डोकी फिरायची वेळ आली. सकाळी तो बायकोला, तुळसावहिनीला, नावाने हाक मारायचा. दुपारी तिलाच विचारायचा, "कोनाकडं आलाव, बाय? बसा, पानी घ्या." जेवून उठला की पान वाढायला सांगायचा. पंधरा वर्षांपूर्वी मेलेल्या बैलाचं नाव बिनचूक. कालचं विचारलं तर नुसता हसायचा. वहिनीचा भाऊ म्हणाला, बाहेरचं आहे. शेजारी म्हणाले, कामाचा कंटाळा, दुसरं काय. मी सकाळी एकाचं खरं मानायचो आणि संध्याकाळी दुसऱ्याचं.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती: मेंदूला मार आहे, मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे दाखवा, वर्षभर उपचार लागतील. तो खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. कारखान्याने कामगारांचा विमा उतरवला होता. तो मंजूर झाला तरच मुंबई. अर्ज मी भरायला घेतला. त्यात हाताला रकाना होता, बोटांना होता, पायांना, डोळ्यांना, कानांना होता. वहिनी शेजारी बसून बोट फिरवत होती. शेवटी म्हणाली, "भावोजी, ह्यात टकुऱ्याला जागाच न्हाय?"

खरंच, डोक्याला जागा नव्हती. मी 'इतर' म्हणून एक बोटभर ओळ होती तिथे अक्षरं दाटून लिहिली.

विम्याच्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलं. त्या दिवशी आम्ही काय करावं? वहिनीने त्याला कढत पाण्याने न्हाऊ घातलं, इस्त्रीचा सदरा घातला, नवी टोपी दिली. मी त्याची दाढी करवून आणली. वाटेत त्याला बजावलं, विचारतील त्याचं नीट उत्तर दे, घराण्याची लाज राख. दुखणं दाखवायला निघालेल्या माणसाला आम्ही नवरदेव करून नेलं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

डॉक्टरांनी हात वर करायला लावले, चालवून पाहिलं, भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली. सगळं ठीक. मग विचारलं, आज वार कोणता? काल काय जेवलात? मुलं किती? भागोजीने टोपी काढून हातात धरली आणि माझ्याकडे पाहिलं. दाराशी उभा असलेला कंपाउंडर फिस्सकन हसला.

ते मला सोसलं नाही. ज्याच्यामागे सारा गाव हात जोडून उभा राहतो, त्याला हसतो कोण हा? माझ्या तोंडून निघून गेलं, "भागोजी, गाऱ्हाणं घाल."

भागोजी उठला, हात जोडले आणि सुरू झाला. बारा वाड्या, त्यांच्या सीमा, सगळे देव एकामागून एक. मग डॉक्टरांच्या हाताला यश दे, त्यांच्या लेकराबाळांचं भलं कर. दर खेपेला तो थांबायचा, आणि कंपाउंडरही कोकणातलाच, तो हसणं विसरून म्हणायचा, "व्हय म्हाराजा." डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली होती. माझा ऊर भरून आला. वाटलं, जिंकलं.

पंधरा दिवसांनी विम्याचा कागद आला. वाचा स्पष्ट, स्मरण उत्तम, कामास योग्य. विमा नामंजूर.

मी धावत विम्याच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, साहेब, ते लहानपणापासून त्याच्या तोंडात बसलंय, त्याला घरचं माणूस ओळखता येत नाही. ते शांतपणे म्हणाले, डोक्याला इजा झालेला माणूस असं बोलेल का, तुम्हीच सांगा. मी कागद घडी करून निघालो. खरं सांगू? त्या प्रश्नाशी मी अजून भांडतो आहे. भागोजी कामावर गेला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तशाच टांगलेल्या लादीखाली उभा राहिला. मुकादमाने ओढला म्हणून वाचला. त्याला कायमचा घरी पाठवला. मी तीन अर्ज केले. तिन्हींना उत्तर एकच, प्रकरण बंद आहे.

शिमग्यात पालखी गावच्या सहाणेवर, तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, येऊन बसली. गाऱ्हाणं कोणी घालायचं म्हणून माणसं कुजबुजत होती, तोवर भागोजी आपणहून पुढे झाला. एकेक जण नारळ घेऊन यायचा, आपलं दुखणं सांगायचा, भागोजी ते देवाला सांगायचा. कुठे अडखळला नाही. दुपार कलली तेव्हा वहिनी पुढे आली. नवऱ्याचं नाव ती घेणार कशी? नारळ पुढे करून म्हणाली, "माज्या घोवाचा गाऱ्हाना घाला."

भागोजीने तिच्याकडे पाहिलं. परक्या बाईकडे पाहावं तसं, पण फार मायेने. नारळ घेतला.

"बा देवा म्हाराजा, ही कोन लांबची बाय तुज्या पायाशी आली हाय. हिचा घोव कुठं वाट चुकला आसंल, त्याला हाताला धरून घरी आन रं म्हाराजा."

आणि तो थांबला. पुढचं उत्तर गावाने द्यायचं असतं. माणसं वहिनीकडे पाहू लागली. शेवटी वहिनीच म्हणाली, "व्हय म्हाराजा." मग सगळे म्हणाले.

नारळ फोडून भागोजी माझ्याजवळ आला. हळूच विचारलं, "महिपत, त्या बाईच्या घोवाला काय झालाय रं?"

मी म्हटलं, डोक्याला लागलंय.

"मग त्याला कुनी डागदराकडं न्येला न्हाय?"

मी सांगितलं, नेला होता. मीच नेला होता.