देवाप्पा आणि धातूची काच

निपाणीचे देवाप्पा कंडक्टरकीतून निवृत्त झाले आणि त्यांच्याकडे बोलायला एकच विषय उरला. मुलगी करिष्मा बेंगळूरला धातूच्या काचेवर पीएचडी करते. धातूची काच म्हणजे काय, हे त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं. पण विचारणाऱ्याला उत्तर न देता परत पाठवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ‘न फुटणारी काच,’ असं ते ठोकून देत. शेजारीपाजारी फुटके मोबाईल घेऊन दारात यायला लागले, तेव्हा शेवंताबाईंनी नवऱ्याला बजावलं, की पोरीला नीट विचारून घ्या, नाहीतर गप बसा.

सदलग्याला पुतण्याच्या लग्नात ती वेळ आली. बफेच्या टेबलापुढं माणसांचा नुसता गोळा झाला होता. रिकामं ताट धरून उभ्या उभ्याच देवाप्पांनी लग्नाला आलेल्या करिष्माजवळ विषय काढला. करिष्मानं सांगितलं, की ती आरपार दिसणारी काच नव्हेच, तो धातूच. साध्या धातूत अणू पंगतीसारखे ओळीत बसलेले असतात. जोर लावला की ओळी थोड्या थोड्या सरकतात आणि धातू वाकतो. पण काही मिश्रधातू वितळवून झटक्यात थंड केले, तर अणूंना ओळ धरायला सवडच मिळत नाही. जो जिथं असेल तिथंच अडकतो, काचेत असतो तसा; म्हणून नाव काच.

“म्हंजे हितल्यागत,” देवाप्पा म्हणाले.

“व्हय आप्पा. रेटा आला तरी समदी हलत न्हाईत. जितं जरा सैल हाय, तितली थोडी जणं एकदम जागा बदलत्यात. मग शेजारची सैल हुत्यात. असं करत एक पट्टा तयार हुतो, आणि...”

इतक्यात गरम जिलेबी आली. मागून रेटा आला. डावीकडची मंडळी जागची हलली नाहीत, उजवीकडचीही नाहीत. मधला पट्टा तेवढा देवाप्पांसकट घसरला आणि मठ्ठ्याचं पिंप आडवं झालं.

शेवंताबाई धावत आल्या आणि लागलं का विचारायच्या आधीच नव्या शर्टावरून बोलायला लागल्या. देवाप्पा मठ्ठ्यात बसल्या बसल्या मुलीकडं बघत होते. आपल्याला पोरीचं काम समजलं, या आनंदात त्यांना ओलंही जाणवत नव्हतं.

“पट्टा झाल्यावर फुडं काय हुतंय गं?”

“बहुतेक वेळा तितंच तुटतंय. एकदम.”

“मग तुटू नये म्हणून कायतरी करा की.”

“त्येच तर काम हाय माझं, आप्पा.”

कुणाचा तरी आखूड शर्ट घालून देवाप्पा पुन्हा मांडवात आले. नवरीचे मामा भला माणूस. कुठं लागलं का, एवढंच त्यांनी विचारलं. देवाप्पांनी त्यांचा हात धरला आणि अणूंपासून सुरुवात केली. मामांच्या दुसऱ्या हातात जिलेबी होती. पाक कोपरापर्यंत ओघळला, तरी ती तोंडापर्यंत पोचली नव्हती.