शेंदराखालचा नंबर

बडनेऱ्याले ठेसनच्या रस्त्यावर माहं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, टिनाचा खोका. आधी माहा बाप नत्थुजी इथं बसे, आता मी बसतो. लोकं मले तिरसट म्हणतात अन् ते खोटं नाही. मशिनीत खोबऱ्याचं तेल ओतून आणतात, वरून मलेच विचारतात, भाऊ, जाम काहून झाली? अशा माणसाची काय आरती ओवाळाव?

मैनाबाईसंग तं माहं वीस-पंचवीस वर्षांचं भांडण. त्या नांदगाव खंडेश्वरच्या. महिन्या-दोन महिन्याले बसनं येत, सुया, बॉबिनी, चामड्याचा पट्टा नेत. मी म्हणो, बाई, एकडाव मशीन तं आणा, साफसूफ करून देतो. त्या म्हणत, माह्या मशिनीले परक्याचा हात लागत नाही. तेल स्वतः देत, पट्टा स्वतः चढवत. दर दसऱ्याले तिले तेलात कालवून शेंदूर लावत, हेही त्यांनीच सांगतलं होतं. मी म्हटलं, मशीन आहे का मारोती? तं दोन महिने दुकानाकडं फिरकल्या नाहीत.

पण बाई कामाची पक्की. अर्ध्या नांदगावचे झंपर, परकर, पोराइचे शाळेचे कपडे त्यांच्या हातचे. बोटं वाकडी झाली, चष्म्याच्या काचा जाड झाल्या, पायडल काही थांबलं नाही. घरी सोळा एकर काळं वावर होतं, तरी त्याइले हे कराव लागे, कारण वावरातला एक रुपया खुशालराव बायकोच्या हाती पडू देत नव्हते. खुशालराव म्हणजे हातानं बोलणारा माणूस. एकदा मैनाबाई कान सुजलेला घेऊन माह्या दुकानी आल्या. मी नको ते बोलून गेलो. तं त्यांनी मलेच झापलं. मारते, पण मशीन त्यानंच घेऊन देल्ली ना भाऊ, माह्या बापानं तं तेही केलं नाही.

या बापाची गोष्ट त्यांनी मले पन्नासेक वेळा सांगतली असंल. बापाचं नाव केशवराव, गाव हिवरखेड, तेल्हारा तालुका. सत्त्याहत्तर साली मैनाबाईचं लग्न झालं. बोलणीत मशीन कबूल केली होती, नवीकोरी. मांडवात मशीन नव्हती. केशवरावानं हात जोडले, पंधरा दिवसांत धाडतो म्हटलं. अन् पाठवलीच नाही. सासरी उठता-बसता बोलणे, लबाड बापाची पोर. मग दिवाळीत खुशालराव अमरावतीहून मशीन घेऊन आले. म्हणे, तुह्या बापानं नाही देल्ली, मी देल्ली, ध्यानात ठेवजो. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीनं ते ध्यानात ठेवलं. त्याच दिवाळीत बाप न्यायले आला, तं ही दारातूनच म्हणे, मले येणं नाही. पुढं चार वर्षं बिचारा येत राहिला. लेकीच्या घरचं पाणी घ्याचं नसते, म्हणून तो उन्हात ओट्यावर बसे अन् शेवटच्या गाडीनं वापस जाये. पाचव्या वर्षी आला नाही. दोन हजार सातमध्ये वारला. मैनाबाई गेल्या नाहीत.

खुशालराव मागच्या साली वारले. वर्षश्राद्ध झालं अन् पंधरा-वीस दिवसांत मैनाबाई माह्या दुकानासमोर ऑटोतून उतरल्या. संग नात आचल, अमरावतीले कॉलेजात आहे ते. दोघीनं मिळून पोत्यात गुंडाळलेलं मशिनीचं डोकं उतरवलं. मी म्हटलं, सूर्य कुठून निंघाला आज? बाई हसल्या नाहीत.

झालं असं होतं का पोरगा शेखर मशीन भंगारात द्या म्हणत होता. भंगारवाला आला, त्यानं उलटी-पालटी करून पाहिली अन् म्हणे, आजी, हे तं तुमच्या लग्नाच्या लय आधीची आहे. मैनाबाईनं त्याले अंगणातून हाकललं. पण बोल लागला तो लागला. आता त्याइले माह्याकडून कागद पाहिजे होता, कंपनीचं नाव अन् साल लिहून, दुकानाचा शिक्का मारून.

"भाऊ, सत्त्याहत्तरची नवी आहे असं लिहून द्या," त्या म्हणे. "त्या माणसानं जन्मात एकच गोष्ट माह्यासाठी केली. तेही खोटी निंघाली तं मी कशाच्या भरोशावर दिवस काढले?"

आता इथं अक्कल असलेला माणूस समजला असता. मी नाही समजलो. मले हौस. माह्या बापानं लिहून ठेवलेली वही माह्यापाशी आहे, कोणत्या कंपनीचा कोणता नंबर कोणत्या सालातला, सारं त्यात. नंबर दाखवा, साल सांगतो, असं मी चारचौघांत छाती ठोकून सांगत असतो. आज गिऱ्हाइकाच्या नातीसमोर अक्कल पाजळायचा मोका भेटला. मंग कोण थांबते?

समोर बिल्ला देशी कंपनीचा होता. नखानं टोकरला, हलला. मी म्हटलं, हा नंतर बसवला. नंबराच्या जागी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस दसऱ्यांचा शेंदूर, बोटभर जाड. घासलेटचा बोळा घेतला अन् घासत बसलो. मैनाबाई स्टुलावर, हात मांडीत. शेंदूर निंघाला, त्याच्याखाली काळा रंग, त्याच्याखाली नंबर. वही काढली, बोट फिरवलं अन् मोठ्यानं सांगतलं, "पफ कंपनी, जर्मनी. एकोणीसशे सत्तावीस-अठ्ठावीसची. बाई, तुमच्या लग्नाच्या वक्ती हे मशीन पन्नास वर्षांची म्हातारी होती."

मैनाबाई म्हणे, जुनी आणली असंल, पैसे नसतीन. आणली तं त्यानंच.

आचलनं माह्याकडं पाह्यलं. त्या पोरीले समजलं होतं, बस करा म्हणून. पण माहा हात चालू होता. मशिनीच्या खांबाले एक जागा बुजवलेली दिसली. म्हटलं, हे पायाची नव्हतीच, हातानं फिरवायची होती, स्टँड मागून लावला. अन् तिथंच रंगाच्या खाली बारीक-बारीक ठिपके लागले हाताले. भांड्यावर नाव टाकतात ना, कासार टकटक करून टाकते, तसे. रंग पुसत गेलो तशी आचल वाचत गेली. तानुबाई. हिवरखेड.

मैनाबाई उठल्या. वाकून डोळे मशिनीले लावले. मग त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"माही आजी," त्या म्हणे. "बापाची माय. देवघरापाशी झाकून ठेवे. पोराइले हात लावू देत नव्हती."

मी मशीन आडवी केली. कशाले केली, देव जाणे. अजून एक आशा असंल, का खुशालरावानं बाजारातून विकत घेतली, त्याले काही माहीत नसंल. खाली जमलेलं तेलाचं किटण पुसलं तं लाल रंगात लिहिलं होतं, हिवरखेडचा माल, खुशालराव नांदगाव, रंग अन् स्टँड, दिवाळी सत्त्याहत्तर. ते अक्षर मी झोपेतही ओळखीन. नत्थुजीचं. माह्या बापाले सवय, आलेल्या प्रत्येक मशिनीच्या पोटावर लिहायची.

तं हिशेब असा लागत होता. केशवरावानं शब्द पाळला होता, उशिरा का होईना. नवी घेणं जमलं नाही, म्हणून आपल्या मायची मशीन पार्सलनं बडनेऱ्याले धाडली. जावयानं ती ठेसनावरून सोडवली अन् सरळ याच खोक्यात आणली, जुना बिल्ला काढला, नाव बुजवलं, रंग देल्ला अन् घरी नेऊन स्वतःची म्हणून सांगतली. बापानं तोंड काहून उघडलं नाही? आमच्याकडं लेकीले देल्लेलं बोलून दाखवत नाहीत. बोललं तं देल्लेलं वाया जाते. म्हणून चार वर्षं तो माणूस ओट्यावर बसून राहिला अन् आतून मशिनीचा आवाज आयकत राहिला.

"त्याले वाटलं असंल, जुनी देल्ली म्हणून पोरगी रुसली," मैनाबाई म्हणे. "एकडाव माहेरी गेली असती तं देवघरापाशी जागा रिकामी दिसली असती."

मले राहवलं नाही. मी म्हटलं, बाई, हा रंग माह्या बापानं देल्ला, हे पाप आमच्या घरचं आहे. अन् तुमाले हे आज सांगणारा मी. माही जीभ झडली असती तं बरं झालं असतं.

त्यांनी मान हलवली.

"तुमच्या बापानं मजुरी घेऊन रंग देल्ला, भाऊ. मी फुकटात बाप सोडला."

मी कागदाचं विचारलं नाही, त्यांनीही नाही. मग विचारलं, बादली आहे काय? मले वाटलं, तोंड धुवाव म्हणत असतीन. दुकानासमोर पाण्याचा ड्रम आहे, त्याच्यातून त्यांनी बादली भरून घेतली. नालीच्या काठी दगडावर बसल्या अन् लुगड्यासकट डोक्यावरून ओतली. ऑटोवाले पाहून राहिले. त्यांनी दुसरी भरली, तेही ओतली. भर दुपारी रस्त्यावर त्या म्हाताऱ्या बाईच्या अंगातून पाणी निथळून राहिलं होतं. हाताले मशिनीचा शेंदूर लागला होता, तो काही निंघत नव्हता.

आचल धावली. पोरगी शहरात वाढली, तिले काय माहीत? आजी, काय करून राहिली हे, म्हणून रडाले लागली. मी मात्र समजलो अन् डोक्यावरची टोपी काढली. माणूस गेल्याचा निरोप जिथं भेटंल तिथं आंघोळ कराव लागते, मी तिले सांगतलं.

"कोण गेलं, आजी?"

मैनाबाईनं तोंडावरचे केस मागं सारले.

"माहा बाप गेला, पोरी. मले आताच समजलं."