सासूबाईंचा पाळणा आणि टाइप-सीची वायर

रविवारी मुलाच्या लेकीचं बारसं, आणि शुक्रवारी सकाळी माझ्या लक्षात आलं की मला पाळणाच येत नाही. आमच्या घरचा पाळणा सासूबाईंनी स्वतः रचलेला. एकेका नातलगावर एकेक कडवं. मला धड दोनच आठवत होती. त्या होत्या तेव्हा सारखं म्हणायच्या, "पाठ करून घे की गं." आणि तेव्हाची मी, घरातल्या पहिल्या कॉम्प्युटरची मालकीण, ऐटीत सांगायची, "आता सीडी आहे ना! पाठ कशाला करायचं?" अशी ती शहाणी!

सीडी कपाटात सापडली. लेकीच्या लेकीच्या बारशाची. कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला होता. ती नात आता कॉलेजात जाते. तिचा लॅपटॉप पापडासारखा, सीडी घालायला जागाच नाही. "बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो, आजी," ती म्हणाली. तिचं वाक्य संपेपर्यंत माझ्या पायात चपला होत्या. लॅपटॉपसकट तिलाही सोबत ओढलं.

जुळे सोलापुरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानाची मालकीण म्हणाली, "बसा की आजी." मी कसली बसते! सगळ्यात भारी दिसणारा खोका उचलला. "हा द्या."

"तो ब्लू-रेचा. साध्या सीडीला डीव्हीडी रायटर लई झाला, सीडी बी वाचतोय."

कॉम्प्युटरच्या आत बसणारा, 'साटा' नावाच्या वायरीचा ड्राइव्ह स्वस्त होता, पण तो टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरलाच चालतो. लॅपटॉपला बाहेरचा, यूएसबीचा. त्यातही दोन तऱ्हा: एकाची पिन रुंद, दुसऱ्याची बारीक, टाइप-सी. नातीच्या लॅपटॉपला नुसती बारीक भोकं.

"रुंदवाला घेऊ, मध्ये कनेक्टर लावू," नात म्हणाली.

"चालंल. पण ड्राइव्हला वीज बी त्याच वायरीतनं जाती. कनेक्टर सैल असला तर चकती मधीच थांबती."

"मग थेट टाइप-सीचा!" मी काउंटरवर हात आपटला. स्थळ ठरवतानाही मी एवढी चौकशी केली नव्हती.

"इथंच लावून बघू," म्हणत मी खणात गुंडाळलेली सीडी काढली. बाईंनी ती उलटी केली आणि हसायलाच लागल्या. चकाकत्या बाजूला कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक! खंडेनवमीला मीच काढलं होतं. छापील बाजूला काढलं तर नाव झाकलं जाईल, ही माझी त्या वेळची अक्कल.

"आजी, तू सीडीची पूजा केलीस?"

"नुसती सीडीची नाही. कॉम्प्युटरचा सीडीचा ट्रे बाहेर आला तेव्हा त्यात अक्षताही टाकल्या होत्या."

चष्म्याचा रुमाल ओला करून बाईंनी मधून काठाकडे हळूहळू पुसलं. ड्राइव्ह घरघरला. थांबला. पुन्हा घरघरला, आणि स्क्रीनवर सासूबाई!

*टेंभुर्णीची आत्या, आली टोपडं घेऊन,*
*बाळ बघे तिच्याकडं, एक डोळा मिटून, जो जो रे.*

मी ड्राइव्हच्या खोक्यावर भराभर लिहू लागले. आत्या झाली, मामा झाला, आजोबा झाले. आता आजीचं कडवं. म्हणजे माझं! आणि नेमकी तिथं हिरव्या शालूतली एक बाई कॅमेऱ्यापुढे आली आणि ओरडू लागली, "अहो, इकडून घ्या! माझ्या बांगड्या दिसतायत का?" सासूबाईंचे ओठ हलत होते; ऐकू येत होती ती मीच. तीनदा मागे नेलं. तिन्ही वेळा बांगड्या!

"आजी, तुझंच कडवं तू खाल्लंस!" नात हसून काउंटरवर आडवी झाली.

शनिवारभर तिनं लॅपटॉपवर खटपट केली. माझ्या ओरडण्यातून सासूबाईंचा आवाज काही वेगळा निघाला नाही. मग मीच पेन घेतलं. रविवारी पाळण्याची दोरी हातात धरून सगळी कडवी म्हटली, आणि आजीच्या जागी ठणकावून गायले:

*आजीची बडबड, थांबेना क्षणभरी,*
*बाळ म्हणे आजीला, गप्प बस गं तरी, जो जो रे.*

बायका खो खो हसल्या, पाळण्यातली मात्र झोपली. नात मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करत होती. माझी लेक तिला काही सांगायला तोंड उघडणार, तोच मी दोरी न सोडता डोळे वटारले.