व्याह्यांसाठी गोळी निवडताना

लेकीचं लग्न झाल्यावर पाच वर्षं माझ्या व्याह्यांशी माझं बोलणं हवामानापलीकडे गेलं नव्हतं. ते अमेरिकन, मिशिगनच्या उत्तरेकडचे, आयुष्यभर लेथवर काम करून निवृत्त झालेले, बायको वारल्यापासून शेतावर एकटे राहणारे. मी मिशिगनच्याच दक्षिणेला, नोव्हाय शहरात गाड्यांच्या सुट्या भागांचे धातू तपासणारी, जन्माची शाकाहारी. दर थँक्सगिव्हिंगला ते म्हणायचे, "या वर्षी बर्फ लवकर आला." मी म्हणायची, "हो ना."

मग एका ऑक्टोबरात लेकीचा फोन आला. ती पक्ष्यांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे आणि सासऱ्यांबरोबर हरणाच्या शिकारीलाही जाते. हे दोन्ही एका माणसात कसं मावतं, हे विचारायचं मी कधीच सोडून दिलं होतं.

"आई, तू मेटलवाली आहेस. पॉपना बुलेट सिलेक्ट करायला हेल्प कर ना."

"मी? गोळी?"

"लास्ट इयर त्यांच्या हातून एक हरीण जखमी होऊन पळालं. दोन दिवस शोधलं, मिळालंच नाही. आता म्हणतायत, बंदूक विकून टाकतो."

शनिवारी मी गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी जुना टॉवेल अंथरून तीन प्रकारच्या गोळ्या मांडल्या होत्या. शेजारी त्यांची ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी, गजाने ठासून बसवायची. एकदा बार उडाला की पुन्हा भरेपर्यंत हरीण दिसेनासं होतं.

"म्हणून पहिलीच नीट लागायला हवी," ते म्हणाले. त्यांनी शिशाची गोळी माझ्या तळहातावर ठेवली. चांगलीच जड होती. "तीस वर्षं हीच वापरली. पण खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून हिचा धक्का सोसत नाही. चाप ओढायच्या आधीच अंग आकसतं आणि नेम खाली जातो."

"मग दारू कमी घाला."

"शिशाचीच हलकी गोळी घेऊन दारूही कमी केली, तर धक्का कमी होईल. पण तुमची मुलगी शिसं नको म्हणते."

ते मला माहीत होतं. हरणाच्या टाकून दिलेल्या आतड्यांतले शिशाचे कण खाऊन गरुड मरतात. असा एक गरुड तिच्या हातात गेला होता, तेव्हा ती फोनवर रडली होती.

राहिल्या तांब्याच्या दोन. तांबं शिशाइतकं मऊ नसतं. कमी दारूमुळे वेग कमी पडला तर ते आत जाऊन फुलत नाही, नुसतं आरपार जातं. मग जनावर चटकन मरत नाही. हे मी समजावून सांगत होते आणि माझ्याच आवाजाचं मला नवल वाटत होतं. ते मात्र मान खाली घालून ऐकत होते.

"ते हरीण," ते एकदम म्हणाले, "कुठे पडलं असेल, किती वेळ... त्या थंडीत. डोक्यातून जात नाही हो."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. लग्नातल्या हस्तांदोलनानंतर पहिल्यांदाच.

दुपारी, गोळी आत जाऊन फुलते का ते पाहायला, आम्ही कुरणात दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन पाण्याने भरून ओळीने ठेवले. त्यांनी माझ्या कानांवर स्वतःच्या हातांनी संरक्षक कप बसवले. पहिली तांब्याची गोळी सगळे कॅन फोडून मागच्या मातीच्या ढिगात गेली. उकरून काढली तर होती तशीच, टोकसुद्धा वाकलेलं नाही. त्यांनी ओल्या चिंधीने नळी पुसली, दुसरी भरली. हिच्या टोकाला रुंद खळगा होता. ही चौथ्या कॅनमध्ये सापडली. टोकाच्या सहा पाकळ्या मागे वळून उमललेल्या.

"हीच," मी म्हणाले.

"कमी दारूतही उमलली," ते म्हणाले, आणि मग जरा लाजून, "खांदाही दुखला नाही."

मग त्यांनी कागदावर नेम धरून पाहिला. साठ यार्डांपर्यंत नेम पक्का बसला, पुढे फाकायला लागला. साठच्या पुढे चाप ओढायचा नाही, असं त्यांनी मला आपणहून वचन दिलं. मी मागितलं नव्हतं.

डिसेंबरात एका सकाळी मी ऑफिसात असताना त्यांचा फोन आला. लेकीचा नाही, त्यांचा. त्यांनी मला याआधी कधीच फोन केला नव्हता.

"मादी होती," ते म्हणाले. श्वास लागला होता. "पन्नास यार्ड. दहा पावलं गेली आणि बसली. मी पोचेपर्यंत संपलं होतं. त्रास नाही झाला तिला."

त्या मादीसाठी मला वाईट वाटलं आणि त्यांच्यासाठी बरं वाटलं. दोन्ही एकदम.

"तुम्ही ठीक आहात ना?" मी विचारलं.

"जरा वेळ तिच्याजवळच बसून होतो. आता थंडी वाजतेय."

"मग आधी घरात जा, काहीतरी गरम प्या. आणि फोन ठेवू नका."

त्यांनी ठेवला नाही. बर्फावरची त्यांची पावलं, दार उघडल्याचा आवाज, नळाचं पाणी, सगळं मला ऐकू येत होतं. कॉफी होईपर्यंत ते मला त्यांच्या बायकोबद्दल सांगत राहिले. ती कशी होती, हे पाच वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.