इंजिनावरचा अंगठा

माझं पोट मॅन्युअल लिहून भरतं. सॉफ्टवेअर कंपनीत आहे मी. कुठलं बटण दाबलं की काय होतं ते पायरीपायरीनं लिहायचं, हे माझं काम. ती मॅन्युअलं कुणी वाचत नाही हे मला ठाऊक आहे, माझ्या मॅनेजरलाही ठाऊक आहे, आणि तरी आम्ही नेमानं नवी आवृत्ती काढत असतो. म्हणून धाकट्या भावाचा फोन आला, "अक्का, आपल्या ट्रकच्या इंजिनाचं पुस्तक पायजे, कुठं मिळतंय बग की," तेव्हा मला आधी हसूच आलं. मॅन्युअल खरोखर वाचायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तो माझ्याच घरातला निघाला.

ट्रक अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. निपाणीकडून आम्ही बंगळुरात आलो त्या सुमारास त्यांनी तो लष्कराच्या लिलावात घेतला. मागचा हौदा काढून त्यावर क्रेन बसवली आणि पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची यंत्रं हलवायचा धंदा सुरू केला. लेथ, प्रेस, ड्रिलिंग मशीन, जे पडेल ते. आता नव्या पिवळ्या क्रेन आल्यात, पण जिथं त्या शिरत नाहीत त्या गल्ल्यांमध्ये अजून आमच्याच ट्रकला बोलावणं येतं. अप्पा गेल्यापासून भाऊ तो चालवतो. त्याचं, वहिनीचं, मुलांचं आणि आईचं सगळं त्या ट्रकवर चालतं.

झालं होतं असं, की इंजिन पांढरा धूर टाकायला लागलं म्हणून भावानं घाईघाईत डिझेलचा पंप स्वतःच उतरवला आणि उतरवताना खूण करायला विसरला. पंप नेमक्या कुठल्या कोनात बसवायचा ते त्या खुणेवरून कळतं. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेडही, खोललेलं होतं. मग बोलावलेल्या मेस्त्रींनी एकदा अंदाजानं जोडून बघितलं तर इंजिन असं काही ठोकायला लागलं, की त्यांनी धावत जाऊन बंद केलं. "अजून एकदा असं केलं तर पिस्टन फुटेल," ते म्हणाले, "मला आकडे द्या." अप्पांना ते आकडे तोंडपाठ होते. त्यांनी ते कुणाला सांगितले नाहीत आणि आम्हीही कधी विचारले नाहीत.

त्यातच एक कारखाना पीण्यातून उठून शहराबाहेर आनेकलला चालला होता. त्याची सगळी यंत्रं हलवायचं काम मालकानं भावाला कबूल केलं होतं, पण तो किती थांबणार? दुसरीकडे एक भंगारवाला रोज संध्याकाळी ट्रकच्या शेडपाशी येऊन उभा राहायचा. नुसता चहा पीत ट्रककडे बघायचा. भाऊ म्हणाला, "अक्का, हे काम गेलं तर मग ट्रक त्यालाच द्यावा लागतोय."

मी कामाला लागले. आधी अर्थात इंटरनेट पालथं घातलं. जुन्या लष्करी गाड्यांचे वेडे जगभर पसरलेले आहेत आणि ते आपसांत फार भांडतात, एवढं ज्ञान मला पहिल्याच आठवड्यात झालं. एक मॅन्युअल मिळालं ते जर्मनमध्ये. दुसरं इंग्रजीत होतं, पण स्कॅन करणाऱ्यानं कागदाची एकच बाजू स्कॅन केली होती. पंपाचा धडा सुरू व्हायचा आणि ऐन मोक्याला पुढचं पान गायब. ज्याला विचारावं तो एकच उत्तर द्यायचा: आधी इंजिनावरच्या पितळी पट्टीचा फोटो पाठवा. हे इंजिन तीन-चार नमुन्यांत निघालं, बाहेरून सगळी सारखीच दिसतात, आतले पिस्टन आणि पंप मात्र वेगळे. नमुना कुठला ते पट्टीवर कोरलेलं असतं. आरसी बुकात इंजिनाचा नंबर होता, पण त्यावरून हे कळत नव्हतं.

आणि पट्टीपाशीच आमचं घोडं अडलं होतं.

दर दसऱ्यात आयुधपूजेच्या आदल्या दिवशी अप्पा अख्खं इंजिन रंगवायचे. एक वर्ष चंदेरी, एक वर्ष हिरवं, डब्यात जो रंग उरला असेल तो. रंग वाळेपर्यंत थांबायचा दम त्यांना कधीच नव्हता. दुसऱ्या दिवशी कोहळा फोडायच्या आधी ते गंध-कुंकवात अंगठा बुडवायचे आणि इंजिनाच्या कपाळी, म्हणजे त्या पट्टीवर, दाबायचे. तेवढी एकच सपाट जागा होती ना. ओल्या रंगात अंगठा रुतायचा आणि तसाच वाळायचा. वर्षावर वर्षं रंग चढत गेला. शेवटचा अंगठा ते गेले त्याच्या आधीच्या दसऱ्याचा. कुंकू उडून गेलं, पण चंदेरी रंगात तो अजून स्पष्ट होता, अगदी रेघांसकट. खालच्या कडेला विळ्यानं कापलेल्याचा वणही दिसायचा.

आई दर शुक्रवारी शेडवर यायची. पदरानं तो अंगठा पुसायची, शेजारच्या पाइपात शेवंतीचं फूल खोचायची आणि घरी जायची. अप्पा गेल्यावर पहिल्या दसऱ्याला भावानं सवयीनं रंगाचा डबा उघडला, तर तिनं हातातला ब्रश काढून घेतला. तेव्हापासून इंजिन रंगवलं नाही आणि भाऊ कुंकू बॉनेटला लावतो.

तेव्हा पट्टी खरवडायची हे आईला सांगणार कोण? भाऊ म्हणाला, "मी न्हाई बाबा." मी थोरली, पण माझीही जीभ उचलली नाही. मी पट्टीचा फोटो काढून इंटरनेटवरच्या त्या वेड्यांच्या गटावर टाकला. एकानं कळवलं, हा तर नुसता रंग आहे. दुसऱ्यानं लिहिलं, रंग नाही, कुणाचा तरी अंगठा आहे. मी लॅपटॉप मिटला आणि उगीचच रडले, ऑफिसच्या कँटीनमध्ये, समोर बिसीबेळेभात ठेवून.

मग मी रस्त्यावर उतरले. चामराजपेटेत एका रद्दीवाल्याकडे निवृत्त फौजी लोकांच्या घरची पुस्तकं येतात असं कळलं होतं. त्यानं पोत्यातून आमच्याच ट्रकचं पुस्तक काढून दिलं तेव्हा मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. रिक्षात उघडलं तर ते ड्रायव्हरसाठीचं निघालं. ट्रक कसा धुवावा, ताडपत्री कशी बांधावी, सगळं चित्रांसह. इंजिनाच्या प्रत्येक बिघाडापुढे मात्र एकच उपाय छापला होता: वर्कशॉपला कळवावे. माझ्या लिखाणाबद्दल लोक चिडून का मेल करतात ते मला त्या दिवशी समजलं.

शेवटी गटावरच्याच कुणीतरी आनेकलच्या एका गृहस्थांचा पत्ता दिला. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये ते शिकवायचे, आता गावाबाहेर थोडी नाचणी पिकवत होते. रविवारी बसनं गेले. त्यांनी कपाटातून एकसारखी दिसणारी चार जाड पुस्तकं काढून टेबलावर मांडली. चार नमुने, चार पुस्तकं. मी पंपाचं पान उघडून बघितलं, चारांत चार वेगळे आकडे. "प्लेट पे क्या लिखा है?" त्यांनी विचारलं. मी अंगठ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चारही पुस्तकं पिशवीत घालून दिली. "किताब तो मिल गई," एवढंच म्हणाले, "बाकी घर में पूछो."

घरी पुस्तकं बघून भाऊ हरखला आणि चारांत चार आकडे आहेत म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं असा बेत आखला की सगळं इंजिनच खाली उतरवायचं, पिस्टन बाहेर काढायचे, मोजायचे आणि त्यावरून नमुना ओळखायचा. तेवढ्या वेळात कारखान्याचं काम नक्की गेलं असतं. मीही मान डोलावली. दोन शहाणीसुरती माणसं आईला एक वाक्य विचारायला नको म्हणून अख्खं इंजिन खोलायला तयार झाली होती. आई भाकरी थापत होती. "पुस्तक गावलं न्हवं? आता काय अडलंय?" तिनं विचारलं. भाऊ हात धुवायला उठला. मी पानं जरा फाटलीत वगैरे काहीतरी पुटपुटले. आईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि भाकरी उलटली.

शुक्रवारी ती शेडवर आली तेव्हा आम्ही दोघंही तिथंच होतो. तिनं अंगठा पुसला, फूल खोचलं, आणि घरी न जाता सरळ मेस्त्रींकडे वळली. मेस्त्रींना आमच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. कन्नडात तिनं विचारलं, काय अडलंय, आणि त्यांनी कन्नडातच सरळ सांगून टाकलं: अम्मा, त्या पट्टीवरचा रंग स्वल्प खरवडला की झालं, पण ही दोघं हात लावू देत नाहीत.

आई आमच्याकडे वळली. मला वाटलं, आता रडेल. ती भडकली.

"मला इचारायला तोंड न्हवतं तुमाला? आनेकलला जायला पाय हैत, आणि मला इचारायला तोंड न्हाई?"

"आई, अप्पांचा अंगठा हाय त्यो," भाऊ म्हणाला.

"मला सांगालास? मी पुसतोय त्यो दर शुक्रवारी." आमच्याकडच्या बायका बोलतात तशी ती 'पुसतोय' म्हणाली. "तुझ्या अप्पांची गाडी अशी उभी ऱ्हायली असती तर त्यांनी सोताच खरवडलं असतं. रंग वाळायची वाट बगत न्हवते, ह्याची बगितली असती व्हय?"

मी म्हटलं, थांब, निदान चांगला फोटो तरी काढते. तिनं काढू दिला. बघितला आणि फोन परत दिला. "फोटूवर हात फिरवून काय कळतंय," ती म्हणाली.

मेस्त्रींनी हॅक्सॉ ब्लेडचा तुटका तुकडा भावापुढे धरला. भावानं हात मागे घेतला. आईनं तो तुकडा घेतला, टोकाला चिंधी गुंडाळली आणि खरवडायला सुरुवात केली. पहिला घाव अंगठ्याच्या बाजूला घातला, दुसराही बाजूलाच. मग जरा थांबली, पदरानं पुन्हा एकदा पुसला आणि ब्लेड मधोमध टेकवलं. चंदेरी खपली उडाली. खाली हिरवा रंग, आणि हिरव्यातही एक अंगठा, जरा तिरका. त्याच्याखाली पुन्हा चंदेरी, पुन्हा अंगठा. आम्हाला कुणालाच हे सुचलं नव्हतं. शेवटचा तेवढा आपण जपतोय अशी आमची समजूत होती, आणि खाली तर सगळ्या दसऱ्यांचे होते, एकाखाली एक. आई प्रत्येक थराला थांबायची, बोटानं चाचपायची आणि पुढे खरवडायची. भाऊ मडगार्डला टेकून लहान मुलासारखा रडत होता. पितळ दिसायला लागलं तेव्हा तिची ओंजळ रंगाच्या चुऱ्यानं भरली होती. तिनं थोडा वेळ ती बघितली, मग चुरा शेडच्या दारातल्या तुळशीत टाकला आणि हात लुगड्याला पुसले.

"वाच," ती मला म्हणाली.

मी नमुना वाचला. तिसरं पुस्तक निघालं. मेस्त्रींनी पान समोर टेकवून पंप बसवला, हेडचे बोल्ट पुस्तकातल्या क्रमानं आवळले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन लागलं. आधी खोकलं, मग नेहमीच्या आवाजात सुरू झालं. आई स्टुलावर बसून ऐकत होती. म्हणाली, "व्हय, ह्योच." कारखान्याचं काम मिळालं आणि भंगारवाला दुसऱ्या गल्लीत चहा प्यायला लागला. आनेकलचे गृहस्थ तिसरं पुस्तक परत घेईनात. मी त्यावर पट्टीवरचा नंबर लिहिला आणि ते प्लॅस्टिकमध्ये घालून ट्रकच्या केबिनमध्ये ठेवलं.

यंदाच्या आयुधपूजेच्या आदल्या दिवशी आईनं स्वतःच भावाला रंग आणायला लावला. चंदेरीच. पट्टी सोडून रंगव, असं मी त्याला सांगत होते, पट्टीला कागद चिकटवायलाही तयार होते. शेवटी मॅन्युअलवाली ना मी. आई म्हणाली, "पट्टी का सोडायची? नंबर आता पुस्तकावर हाय की." भावानं पट्टीही रंगवली. दुसऱ्या दिवशी त्यानं कुंकवात अंगठा बुडवला आणि सवयीनं बॉनेटकडे निघाला. आईनं त्याचं मनगट धरलं, पट्टीपाशी आणलं. रंग अजून चिकट होता. भावानं कसाबसा टेकवल्यासारखा केला.

"नीट दाब," आई म्हणाली. "पुढं कुणाला तरी खरवडाय लागणार हाय."